सल्ला हवा: डिसेंबरात सिंधुदुर्ग, पण तारकर्ली सोडून

अबोली_ठाणे
नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आई, मावशी आणि मी सिंधुदुर्गात जायचं म्हणतोय. चार दिवस. तिघींचं मिळून बजेट २० हजार, रेल्वेचं तिकीट धरून. तारकर्लीचं स्कूबा, बोटिंग, किनाऱ्यावरची गर्दी नको. आईला लोककलांचं वेड, मावशीला खाण्याचं, मला झाडं-पाखरं मिळाली की झालं. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे चढ आणि पायऱ्या शक्यतो टाळायच्या आहेत. मार्गशीर्ष असल्याने गुरुवारी तिघीही शाकाहारी. गाडी चालवणारं कुणी नाही. कुठे राहावं, काय बघावं?

सागरवेडा
तारकर्ली वगळून सिंधुदुर्ग करू नका हो. आम्ही मागच्या वर्षी तिथूनच जवळ, समुद्राला लागून असलेल्या रिसॉर्टमध्ये राहिलो. दिवसाला १२ हजार पडले, पण खोलीतून थेट वाळूवर पाऊल. आईंनाही आवडेल, गुडघ्यांना त्रास नाही.

घाटवाट
१२ हजार दिवसाला? त्यांचं चार दिवसांचं बजेट २० आहे.
ताई, घाटमाथ्यावरची आंबोली करा. हिरण्यकेशी नदीच्या उगमापाशी जे कुंड आहे त्यात सापडलेल्या माशाची २०२० मध्ये नवी प्रजाती म्हणून नोंद झाली, शिस्टुरा हिरण्यकेशी. २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. एका देवळाच्या कुंडापुरती जागा अशी राखली जाते, हे मला फार मोलाचं वाटतं. जंगलही सुंदर.

पावशेर_मसाला
आंबोली पावसाळ्यात. डिसेंबरात धबधब्याला पाणी नसतं, बेडूक दिसत नाहीत. आम्ही हिवाळ्यात जाऊन थंडीत कुडकुडलो आणि संध्याकाळी सातनंतर जेवण मिळायची पंचाईत.

घाटवाट
धबधबा म्हणजे आंबोली नव्हे. डिसेंबरात पाखरं बघायला मिळतात, धुकं नसल्याने नीट दिसतात.

हापूस_नव्हे_रायवळ
सिंधुदुर्ग आता सगळ्यांना माहीत झालाय. थोडं वर राजापुरात थांबा. बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ, कशेळी, सगळीकडे कातळशिल्पं, म्हणजे जमिनीच्या कातळावर कोरलेली प्राचीन चित्रं. कशेळीचा हत्ती एवढा मोठा की जवळ उभं राहून कळतच नाही, आणि त्याच्या अंगात बाकीचे प्राणी कोरलेले. २०२२ पासून ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. आम्ही भर मे महिन्यात अनवाणी चाललो होतो.

अबोली_ठाणे
कातळशिल्पं माझ्या यादीत आहेत, पण सड्यावरचं, म्हणजे उघड्या माळावरचं, ऊन आणि खडबडीत कातळ आईला झेपणार नाही. ती वेगळी सहल करीन.

मालवणी_झील
तुमी कुडाळाक उतरा. पिंगुळी बघल्याशिवाय परत जाव नकात.
नीट सांगतो. पिंगुळी कुडाळपासून अगदी जवळ, रिक्षाने जाता येतं. ठाकर समाजाची चित्रकथी, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगायची कला, आणि कळसूत्री बाहुल्या तिथे आहेत. परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांच्या घरच्यांनी गुरांच्या गोठ्यात संग्रहालय उभं केलंय. नुसतं बघून निघू नका, आधी विचारून खेळ लावायला सांगा. चित्रकथीत कागदावर रंगवलेली चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. कलाकार ती मांडीवर उभी धरतो, गोष्ट सांगत एक चित्र मागे टाकतो आणि पुढचं समोर येतं. सोबत हुडुक हे छोटं चर्मवाद्य आणि टाळ. रामायण-महाभारतातले प्रसंग असतात. आईंना एकदा समोर बसवा, त्या स्वतःहून उठायच्या नाहीत.

सुरंगी
झील यांना दुजोरा. पिंगुळी कराच. सावंतवाडीच्या राजवाड्यातही जा, दरबार हॉलमध्ये गंजिफा, म्हणजे खेळायचे जुने पत्ते, हाताने रंगवणारे कलाकार काम करताना दिसतात. गोल पत्ता, केसाएवढी बारीक रेघ, आणि हात जराही हलत नाही. दशावतारी गंजिफाचा संच १२० पत्त्यांचा, दहा अवतारांचे बारा-बारा. ही कला जवळपास संपत आली होती, राजघराण्यातल्या सत्वशीलादेवी भोसले यांनी ती पुन्हा उभी केली. चितारआळीत लाकडी फळं आणि खेळणी. मी तिथून केळ्यांचा घड आणला, पाहुणे अजून खरा समजून हात लावतात.

पावशेर_मसाला
लाकडी फळं हल्ली महाग झालीत. बाकी सावंतवाडीत तलावाला एक चक्कर मारली की गाव संपलं.

सुरंगी
मोती तलावाच्या काठावर संध्याकाळी बसा, मग बोला.

एकटा_जीव_शिलाँग
बजेट थोडं वाढवून मेघालय का नाही करत? जिवंत मुळांचे पूल बघितले की कोकण विसराल. आम्ही आठ दिवस होतो.

घाटवाट
त्यातल्या प्रसिद्ध दुमजली पुलाला जायला हजारो पायऱ्या आहेत. मूळ प्रश्न वाचा ना दादा.

खवय्या_कुडाळ
मावशींसाठी लिहितो. सकाळी घावणे आणि नारळाचा गोड रस. शिरवाळ्या, म्हणजे तांदळाच्या शेवया, केल्या असतील तर सोडू नका. गुरुवारची काळजी नको, काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळी असली की माशांची आठवण येत नाही. कुळथाची पिठी आणि उकड्या तांदळाचा भात मागून घ्या, पाहुणे खात नाहीत म्हणून ते आपणहून वाढत नाहीत. मासे खाणार त्या दिवशी तिरफळं (झणझणीत वासाचा मसाला) घातलेला बांगडा.

सागरवेडा
आणि ओल्या काजूगरांची उसळ!

खवय्या_कुडाळ
डिसेंबरात ओले काजू कुठले? ते फेब्रुवारी-मार्चपासून. डिसेंबरात उसळ मिळालीच तर सुके काजू भिजवून केलेली.

सागरवेडा
आम्हाला रिसॉर्टमध्ये मिळाली होती आणि उत्तम होती. तिरफळ मात्र सगळ्यांना सोसत नाही, माझ्या बायकोची जीभ बधिर झाली.

खवय्या_कुडाळ
तिरफळ चावायचं नसतं. आमटीला वास लागला की बाजूला काढायचं. कोळंबीत कुणी घालून वाढलं तर त्या घरी पुन्हा जेवू नका.

पावशेर_मसाला
आमच्याकडे कोळंबीतही घालतात.

मालवणी_झील
ह्यो वाद सात दिस संपाचो नाय.
ताई, आईंना लोककला आवडतात तर दशावतार, म्हणजे जत्रेत रात्रभर चालणारं लोकनाट्य, बघितलाच पाहिजे. कार्तिकी पौर्णिमेनंतर गावोगाव जत्रा सुरू होतात. तारीख तिथीवर असते, त्यामुळे यजमानांना विचारा, आज जवळपास जत्रा कुठे. आधी देवाची पालखी, मग मध्यरात्रीकडे नाटक, पहाटे दहिकाला. संवाद लिहिलेले नसतात, नट तिथल्या तिथे बोलतात. स्त्रीपात्रं पुरुषच करतात. देवळाच्या मागे रंगपट, म्हणजे नटांची रंगायची जागा, असतो, लांबून नमस्कार करून बघा.

सुरंगी
रात्रभर जमिनीवर बसणं गुडघे दुखणाऱ्या बाईला जमणार नाही. तासाभरात उठा.

घाटवाट
सहमत, रात्रभर नको. आणि गाडी ठरवाच, चार दिवसांसाठी एकच चालक. एसटीच्या नादाला लागू नका.

सागरवेडा
गाडी हवीच.

पावशेर_मसाला
गाडी. आम्ही एसटीची वाट बघत स्टँडवर अर्धा दिवस घालवलाय.

वालावलकरीण
गाडीचं माहीत नाही, पण एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे हे कुणी सांगितलंच नाही. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, तुतारी आणि कोकणकन्या या गाड्या लगेच भरतात, तेव्हा आजच तारीख मांडा. नाताळाच्या आठवड्यात खोल्यांचे भाव चढतात, त्याआधी या. रिसॉर्टऐवजी सरकारी पर्यटन खात्याच्या निवास-न्याहारी योजनेतलं घर शोधा, घरचं जेवण मिळतं.
अबोली, पाखरांसाठी धामापूर. नेरूरपारहून पुढे काळसे, मग धामापूर. १५३० साली बांधलेला तलाव, अजून त्याच्या पाण्यावर शेती होते. २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान मिळाला. काठावर भगवतीचं मंदिर आणि गर्द झाडी. सकाळी लवकर जा, उंबर पिकला असेल तर धनेश (मोठ्या चोचीचे पक्षी) येतात. आमच्या वालावलला लक्ष्मीनारायणाचं जुनं देऊळ, शेजारी तळं, आणि कर्लीची खाडी. तिथे गाजावाजा नाही, म्हणून लिहायला जरा भीती वाटते. कचरा तेवढा परत न्या.

अबोली_ठाणे
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते असं. चारही दिवस मुक्काम कुडाळजवळ एका घरी, न्याहारी-जेवणासह. सामान एकदाच उघडायचं. पिंगुळी, वालावल, धामापूर रिक्षाने, सावंतवाडी एक दिवस एसटीने. आंबोली आणि मालवण-तारकर्ली या वेळी नाही. चालकासकट गाडीचा भाव काढला, त्यात आमचं निम्मं बजेट जात होतं. आणि जत्रेला रात्रभर बसायचं आईने स्वतः ठरवलंय, घडीची खुर्ची घेतली आहे.

घाटवाट
कुडाळात चार दिवस? तिथे बघायला आहे काय? निदान एक दिवस गाडी करून आंबोली गाठा.

मालवणी_झील
जत्रेक जाताना रिक्षावाल्याक परतीचा आधीच सांगून ठेवा. पहाटे रस्त्यार कोण गावाचो (मिळायचा) नाय. शाल आणि कानटोपी पण घेवा, देवळाच्या मंडपात गार वारो येता.