१९६९ च्या कॅमारोला पंधरा इंची चाकं की सतरा?

वूडवर्डकर

माझं मत आधीच सांगतो: शेव्हरलेच्या १९६७ ते ६९ च्या कॅमारो गाडीला पंधरा इंचांपेक्षा मोठं रिम लावू नये.

डेट्रॉइटच्या वूडवर्ड अव्हेन्यूवर १९९५ पासून दर ऑगस्टमध्ये ड्रीम क्रूझ भरते. तिथे अठरा-वीस इंची अलॉयवर उभ्या असलेल्या जुन्या कॅमारो आता जिकडेतिकडे दिसतात. रंग मूळचा, इंजिन मूळचं, सीटची शिवणसुद्धा मूळच्या नमुन्यावर करून घेतलेली, आणि चाकात रबर शोधावं लागतं. मला ते बघवत नाही.

या गाडीच्या चाकावरची कमान साधारण २६ इंच उंचीच्या, जाड भिंतीच्या टायरभोवती आखलेली आहे. माझी साधी ३५० घन इंची इंजिनची गाडी, तिचं मूळ माप एफ ७०-१४. यातला 'एफ' म्हणजे भार पेलण्याचा गट, ७० म्हणजे रुंदीच्या मानाने भिंतीची उंची आणि १४ म्हणजे रिम. कॅमारोच्याच झेड/२८ या जलद आवृत्तीला कारखान्यातूनच १५ बाय ७ चं (पंधरा इंच व्यास, सात इंच रुंदी) रॅली व्हील, म्हणजे पोलादी चाक, आणि ई ७०-१५ टायर मिळायचा. त्याच वाटेने जाऊन मी पुढे १५ बाय ७ वर २३५/६० आर १५ (रुंदी २३५ मिमी, भिंत तिच्या ६० टक्के, रिम १५ इंची) घातलेत आणि मागे १५ बाय ८ वर २५५/६० आर १५. पुढचा टायर २६.१ इंच उंच, मागचा २७. मागची बाजू किंचित उचललेली दिसते, आणि मला त्या काळातली हीच ठेवण आवडते.

दुसरं कारण रस्ते. मिशिगनमध्ये मार्च-एप्रिलात बर्फ वितळला की रस्त्यांची चाळण होते. २३५/६० ची भिंत १४१ मिमी आहे. १७ इंची रिमवरच्या २४५/४५ ची जेमतेम ११० मिमी. पन्नासहून अधिक वर्षांच्या सांगाड्याला तो जास्तीचा रबर हवाच.

वेगळं मत असेल तर जरूर मांडा, पण कारणं द्या.

तिसरा गिअर

कारणं देतो. माझ्याकडे १९६८ ची फायरबर्ड आहे, म्हणजे त्याच सांगाड्यावरची, तुमच्या कॅमारोची सख्खी बहीण. पुढे १७ बाय ८ वर २४५/४५, मागे १७ बाय ९.५ वर २७५/४०.

कमानीचा मुद्दा मला पटत नाही, कारण टायरची एकूण उंची मी बदललेलीच नाही. २४५/४५ आर १७ ची उंची ६५२ मिमी, तुमच्या २३५/६० आर १५ ची ६६३. फरक ११ मिमी. ताशी ६० मैलांवर काटा ६१ दाखवेल, एवढाच. मागचा २७५/४० सुद्धा तितकाच उंच. कमान जशी भरायची तशीच भरते. बदललं ते रबर आणि धातू यांचं प्रमाण, आणि ते तुमच्या डोळ्यांना खटकतं. ती आवड झाली. तिच्याबद्दल आदर आहे, पण ती नियम म्हणून सांगू नका.

आता खरी गोष्ट. पंधरा इंचात तुमच्या मापाचे बहुतेक टायर एस किंवा टी वेगगटाचे असतात, म्हणजे ताशी १८० नाहीतर १९० किलोमीटर. बी. एफ. गुडरिचचा रेडियल टी/ए घ्या. पांढऱ्या अक्षरांचा देखणा टायर, पण एस गटाचा. उत्तम पकडीचं नवं रबर पंधरात मिळतं, नाही असं नाही, पण ते मियाटासारख्या छोट्या गाड्यांच्या मापात. २२५/४५ आर १५ ची उंची २३ इंच! ते कॅमारोला लावलं तर गाडी जमिनीला टेकेल. सतरात मात्र रस्त्यापासून ट्रॅकपर्यंत हवं ते मिळतं.

तीनशे-साडेतीनशे हॉर्सपॉवरची गाडी शेवटी थांबवतो तो टायर. समोर लहान मूल आलं तर गाडी किती फुटांत थांबते, याच्यापुढे रॅली व्हीलचा रुबाब मला गौण वाटतो. शिवाय १३ इंची डिस्क बसवायच्या तर पंधराच्या रिममध्ये त्या मावतच नाहीत.

हेमीवाला

तुम्ही दोघेही तडजोड करताय.

माझी क्रायस्लरची १९७० ची डॉज चॅलेंजर आहे. तिच्यावर १५ बाय ७ ची रॅली व्हील्स आणि एफ ६०-१५, तेही बायस-प्लाय (आतले धागे तिरपे असलेले; रेडियलमध्ये ते आडवे असतात), आपल्याकडचे ट्रकवाले 'नायलॉन' म्हणतात त्या जातीचे. टेनेसीत चॅटनूगाच्या कोकर या टायर कंपनीकडे असे जुन्या नमुन्याचे टायर आजही मिळतात. रात्रभर उभी राहिली की सकाळी टायर खाली चपटा असतो, पहिले दोन-तीन मैल गाडी धडधडते. रस्त्याला चाकोऱ्या असतील तर ती त्यांच्या मागे जाते. मला हे सगळं ठाऊक आहे आणि मला ते हवं आहे. ही गाडी चालवणं म्हणजे १९७० मध्ये तिच्या मालकाला जे हाताला जाणवत होतं ते जाणवणं. रेडियल घातले की तो धागा तुटतो, मग रिम पंधरा असो की सतरा.

तिसरा गिअर

हेमीवाला, तुमची निष्ठा मानतो. पण त्या १९७० च्या मालकाच्या पुढे आजच्यासारखे ब्रेक असलेली एसयूव्ही नव्हती. तुमच्या पुढची गाडी आज ज्या अंतरात थांबते, त्या अंतरात तुम्हाला थांबायचंय.

गॅरेजमधली

ओहायोमध्ये मी सस्पेन्शनचं काम करते, बरचसं याच काळातल्या गाड्यांचं. पंधरा-सतराच्या वादात तुम्ही सगळेच एक माप विसरताय. गाडी बिघडते ती त्या मापामुळे: बॅकस्पेसिंग.

चाक पालथं ठेवा, मागच्या काठावर सरळ पट्टी आडवी धरा आणि तिथपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंत मोजा. ते बॅकस्पेसिंग. आठ इंची म्हणून विकलं जाणारं रिम काठापासून काठापर्यंत जवळपास नऊ इंच भरतं, म्हणून शून्य ऑफसेटला, म्हणजे हबचा पृष्ठभाग चाकाच्या बरोबर मध्यावर असेल तर, बॅकस्पेसिंग साडेचार येतं. पावणेपाच असेल तर चाक पाव इंच, म्हणजे सहा मिमी आत गेलं. पुढच्या मडगार्डचा ओठ आणि टायरचा खांदा यांत कित्येकदा एवढंच अंतर असतं. आणखी एक: त्याच मापाचा टायर अर्धा इंच रुंद रिमवर चढवला की तो साधारण पाच मिमी फुगतो. कागदावरचा २५५ प्रत्येक रिमवर २५५ नसतो.

या गाड्यांना मागे आतल्या बाजूला पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) असतात. बाहेर मडगार्डचा ओठ, आत पाटा, दोघांच्या मध्ये टायर. लोक मागे २७५ घालायच्या हट्टापायी ओठ आत वळवून घेतात, आणि तेही ठीकच आहे. पण गाडी कशी चालेल हे ठरतं पुढच्या चाकांवर. रुंद चाक आत मावत नाही म्हणून कमी बॅकस्पेसिंगचं घेऊन बाहेर ढकललं, की स्टीयरिंग ज्या अक्षाभोवती वळतं त्यापासून टायरचा मध्य दूर जातो. मग प्रत्येक खड्ड्याचा झटका थेट हातात येतो आणि हबच्या बेअरिंगवर भलत्या ठिकाणी भार पडतो. स्पेसर (चाक आणि हब यांच्या मधली चकती) लावूनही हेच होतं.

चिकट आणि रुंद टायर सांगाड्याकडून वसुली करतो, हेही लक्षात ठेवा. फोर्डने १९६९ च्या बॉस ३०२ मस्टँगला सात इंची रिमवर एफ ६०-१५ दिले, तेव्हा वळणावरचा ताण पेलायला पुढचे शॉक टॉवर (शॉक अ‍ॅब्सॉर्बर जिथे बसतो तो सांगाड्याचा भाग) मजबूत करावे लागले. ते त्या काळचं रबर होतं! आजच्या २०० ट्रेडवेअरच्या (झिजेचा आकडा; कमी म्हणजे मऊ, चिकट रबर) टायरची पकड त्याच्या कितीतरी पुढे आहे. म्हणून तिसरा गिअर, मला सांगा, तुमच्या फायरबर्डचा सबफ्रेम (इंजिन आणि पुढची चाकं धरणारी चौकट) आणि त्याचे बुश (जोडांमधल्या उशा) तुम्ही आधी पाहिलेत, की थेट चाकंच बदललीत?

तिसरा गिअर

सबफ्रेमचे बुश आधीच बदललेत, मूळच्या रबराऐवजी धातूचे. पुढचं बॅकस्पेसिंग पावणेपाच, मागचं साडेपाच. पुढचं चाक पूर्ण वळवून, स्प्रिंग काढून, जॅकने वर-खाली करून मोजलं, मगच मागवलं. तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण तो सतराच्या विरोधात जात नाही. पंधरा बाय आठ चुकीच्या बॅकस्पेसिंगचं घेतलं तरी हेच होईल.

नवशिका

पुण्याहून वाचतोय. प्रश्न बाळबोध असेल तर माफ करा. नायलॉनऐवजी रेडियल घातले की अलाइनमेंट बदलायला लागतं असं ऐकलंय. जुन्या मॅन्युअलचे आकडे का चालत नाहीत?

गॅरेजमधली

बाळबोध अजिबात नाही. चाकांवर हजारो डॉलर खर्च करणारे इथे हेच विसरतात.

ते आकडे बायस-प्लायसाठी लिहिलेले आहेत. कॅस्टर (स्टीयरिंगच्या अक्षाचा मागे-पुढे कल) जवळपास शून्य, कारण बिनपॉवरचं स्टीयरिंग हाताला हलकं लागावं. त्यावर रेडियल घातले की गाडी सरळ रेषेत तरंगल्यासारखी वाटते, स्टीयरिंग आपसूक मध्यावर येत नाही. मी पहिल्या पिढीच्या कॅमारोला कॅस्टर तीन ते पाच अंश पॉझिटिव्ह आणि कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) अर्धा अंश निगेटिव्ह, म्हणजे वरून आत, ठेवते. सस्पेन्शनच्या मूळच्या वरच्या आर्ममधून इतका कॅस्टर सहसा निघत नाही. त्यासाठी बदललेले आर्म मिळतात.

दुसरी खोड भूमितीची. या गाड्या वळणात कलल्या की बाहेरचं पुढचं चाक वरून बाहेर झुकतं आणि टायर कडेवर चालतो. कॅमारोत वरच्या आर्मची भोकं खाली घेतली की हे सुधारतं. डिक गुल्डस्ट्रँड या शर्यतपटूच्या नावाने तो बदल ओळखला जातो. मस्टँगमध्ये शर्यती गाड्या बनवणाऱ्या शेल्बीने तेच केलं, आर्म एक इंच खाली. फुकटात मिळणारी पकड आहे ही, दोन भोकं पाडायचा काय तो खर्च. माझ्या मते हे केलेली पंधरा इंची गाडी, हे न केलेल्या सतरा इंची गाडीपेक्षा वळणात जास्त विश्वासाची.

वूडवर्डकर

हे शेवटचं वाक्य माझ्या बाजूचं आहे, म्हणून नोंदवून ठेवतो.

तिसरा गिअर, रबराच्या पकडीबद्दल तुम्ही बरोबर आहात, पण हवामान सोडून बोलताय. माझं गॅरेज तापवलेलं नाही, हिवाळाभर आत गोठणबिंदूच्या बरंच खाली असतं. चिकट उन्हाळी टायर अशा थंडीत हलवले तर रबराला भेगा पडू शकतात, तसा इशारा कंपन्या स्वतःच देतात. माझा रेडियल टी/ए बारमाही जातीचा. जानेवारीत गाडी चार फूट मागेपुढे केली म्हणून त्याला काही होत नाही. तुमच्याइतकी पकड मी कधी वापरतही नाही. गाडी न्यायची ती लेक मिशिगनच्या काठाने, बायकोला सोबत घेऊन, आरामात.

तिसरा गिअर

भेगांचं खरं आहे. मी नोव्हेंबरमध्ये गाडी स्टँडवर चढवतो आणि चाकं काढून तळघरात ठेवतो. तासाभराचं काम.

पण तुम्ही आरामात जाता म्हणून पकड नको, हे मला कधीच पटणार नाही. पकड लागते ती न ठरवलेल्या क्षणी. आणि एक विचारतो, राग मानू नका: तुमच्या टायरच्या भिंतीवर डॉट शिक्क्याचे शेवटचे चार आकडे काय आहेत? २३१९ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. आपल्या गाड्या इतक्या कमी चालतात की नक्षी झिजायच्या कितीतरी आधी रबर कडक होतं. दिसायला नवा, पांढरी अक्षरं चकचकीत, आणि ओल्या रस्त्यावर लाकडासारखा. पंधरावाल्यांमध्ये हे मी फार पाहिलंय. नक्षी शाबूत म्हणून बारा-पंधरा वर्षं तेच टायर. झिजण्याची चिंता ज्या गाडीला नाही, तिला मऊ रबर घालायला काय हरकत आहे?

हेमीवाला

तारखेच्या बाबतीत मी तिसऱ्या गिअरसोबत आहे. माझे बायस-प्लाय जुन्या साच्यातले असले तरी रबर ताजं आहे. मूळ १९७० चे टायर प्रदर्शनापुरते. त्यांवर रस्त्यावर जाणं हा जिवाशी खेळ.

चाकं काढणाऱ्यांना एक सावधगिरी. १९६० च्या दशकातल्या क्रायस्लरच्या गाड्यांना डाव्या बाजूच्या स्टडना उलटे आटे असतात. 'नट निघत नाही' म्हणून लांब दांडा लावून स्टड मोडलेले लोक मी पाहिलेत. आधी स्टडच्या टोकावर 'एल' कोरलेला आहे का ते बघा.

वूडवर्डकर

मागचे टायर २०२१ चे, पुढचे त्याहून जुने. पुढचे या उन्हाळ्याआधी बदलतो. माप मात्र तेच राहणार.

आणि थांबण्याच्या अंतराबद्दल तुम्ही इतक्या खात्रीने बोलताय, तर मोजूनच बघू. पण तुमच्या १३ इंची डिस्क आणि माझ्या मूळच्या ११ इंची, अशी तुलना मला मान्य नाही. ती ब्रेकची परीक्षा होईल, चाकांची नाही.

तिसरा गिअर

मग एकाच गाडीवर करू, तुमच्या. दोन्ही गाड्यांचा बोल्ट पॅटर्न एकच, पाच स्टड आणि पावणेपाच इंचांचं वर्तुळ. माझी चारही चाकं घेऊन येतो. मागचं साडेपाच बॅकस्पेसिंग तुमच्या पाट्यांना लागतं का ते आधी हाताने फिरवून बघू. लागलं तर मागेही पुढचंच माप लावू, १७ बाय ८ ची जोडी मित्राकडे आहे. तुमचे नवे पुढचे टायर दोनशे-तीनशे मैल चालून मुरले की मग. मोकळी जागा, कोरडा रस्ता, तोच चालक, साठवरून शून्य. दोन्ही बाजूंनी तीन-तीनदा, मधे ब्रेक गार होऊ देऊन. आणि ओल्या रस्त्यावर पुन्हा एकदा.

वूडवर्डकर

ओल्या रस्त्यावर नक्की. गाडी मीच चालवणार.