पॉमेरेनियन कुत्र्यांची केसगळती : आपले अनुभव लिहा

ऋतू बदलताना पॉमेरेनियनचे केस झडतात आणि पुन्हा येतात, त्यात काळजीचे काही नसते. परंतु खाज नसताना मांड्यांच्या मागून आणि शेपटीच्या बुडापासून केस विरळ होत जाऊन उघडी कातडी काळी पडू लागली, तर कारण शोधावेच लागते. आपल्याकडे निदान कसे झाले, ते कृपया सविस्तर लिहावे; नुसत्या तेलांची आणि शाम्पूंची नावे नकोत.

*

आमच्या नराचे ऐन तारुण्यात आधी वरचे लांब, राठ केस गेले, काही काळ लोकरीसारखी लव उरली आणि मग तीही गेली; डोके आणि पाय मात्र भरगच्चच राहिले. पशुवैद्यांनी त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, बुरशीची चाचणी केली, रक्तातील थायरॉइड पाहिले, कुशिंगची (शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त होण्याच्या आजाराची) शक्यताही पडताळली आणि हे सारे वगळल्यानंतरच ‘अ‍ॅलोपेशिया एक्स’ हे, नेमके कारण न कळलेल्या केसगळतीचे, नाव उच्चारले. नसबंदीनंतर केस आले, परंतु ते सर्वांनाच येतात असे नाही आणि आलेले टिकतीलच असेही नाही, हे त्यांनी आधीच बजावले होते. गंमत म्हणजे पहिला झुबका उगवला तो बायोप्सीसाठी कातडीचा तुकडा काढला होता नेमका तिथे!

*

आमच्याकडे खाज होती. पिसवांची अ‍ॅलर्जी निघाली, प्रश्न मिटला.

*

आमची मादी उतारवयातली. पाण्याचे भांडे सारखे रिकामे होऊ लागले, पोट सुटले, रात्री घरातच लघवी होऊ लागली. केस गेले ते यानंतर. निदान कुशिंगचे झाले. त्यामुळे कोणी केसांविषयी विचारले, की कुत्रा पाणी किती पितो, हे मी आधी विचारते.

*

उन्हाळ्यापूर्वी मशीनने केस अगदी बारीक कापून घेतले, ते कित्येक महिने वाढलेच नाहीत. तपासण्यांत काहीही सापडले नाही. दुहेरी आवरणाच्या (वर राठ केस, खाली मऊ लव असलेल्या) जातींत असे होते, असे कळले. पुढे ठिकठिकाणी, ओबडधोबडपणे का होईना, केस परतले.

*

आमच्या पिल्लाच्या सख्ख्या भावालाही अ‍ॅलोपेशिया एक्स झाल्यामुळे आमच्या पिल्लापासून वंश वाढवायचा नाही, असे आम्ही ठरवले आहे. सध्या पशुवैद्यांच्या सल्ल्याने मेलाटोनिन या संप्रेरकाची गोळी चालू आहे. माणसांसाठीच्या काही गोळ्यांत झायलिटॉल (साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ) असते आणि ते कुत्र्यांना विषारी ठरते, म्हणून डबीवरील घटक वाचल्याशिवाय गोळी देऊ नये.