प्रतिसाद: 1940 ची फारकत कुठे शोधायची?

साताऱ्याच्या कोर्टात आजींच्या पहिल्या लग्नाच्या घटस्फोटाचा कागद सापडला नाही, असं तुम्ही लिहिलंय. सापडणार नाहीच! 1940 साली ब्रिटिश मुलखात हिंदू रीतीने लग्न झालेल्यांना कोर्टातून घटस्फोट घ्यायची सोयच नव्हती. मुंबई प्रांताचा हिंदू घटस्फोट कायदा आला 1947 ला आणि देशभराचा हिंदू विवाह कायदा 1955 ला. बडोदा संस्थानात मात्र 1931 पासून तशी तरतूद होती, म्हणून माहेर किंवा सासर तिकडचं होतं का, ते आधी विचारा.

तोवर ज्या जातींत रिवाज होता तिथे काडीमोड पंचांसमोर व्हायची. कधी स्टॅम्पपेपरवर फारकत लिहून घेत, कधी नुसतंच तोंडी. हा कागद सरकारदरबारी नसून बहुधा घरातच असतो. आमच्या पणजीची फारकत शेताच्या खरेदीखतांच्या गठ्ठ्यात निघाली, तीही ट्रंक विकायला काढली तेव्हा. कागद मोडी लिपीत असेल तर वाचणारा गाठा.

दस्त नोंदवला असेल तर दुय्यम निबंधकाकडच्या (सब-रजिस्ट्रारकडच्या) जुन्या सूचीत नावावरून शोधता येतो. पोटगी मागितली असल्यास ते प्रकरण दिवाणीत नाही, मॅजिस्ट्रेटकडे (1898 च्या फौजदारी संहितेचं कलम 488) गेलं असण्याची शक्यता जास्त. आणि पहिल्या नवऱ्याच्या गावचे फेरफार (जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलांच्या नोंदी) जरूर बघा. तो वारल्यावर वारस म्हणून कोणत्या बायकोचं नाव लागलं, यावरून बरंच कळतं.

आजींचं दुसरं लग्न पाट लावून (म्हणजे पुनर्विवाहाच्या रिवाजाने) झालं होतं का?