कुंपणाला न जुमानणारे

उंबरठा
काल समोरच्यांचा बीगल कुत्रा गेटखालच्या फटीतून निसटला. नाक जमिनीला लावून असा सुटला की मागून हाका मारणारे त्याच्या खिजगणतीतही नव्हते. सापडला एकदाचा, पण मला रात्री आमचा खंड्या आठवत राहिला.

खंड्या उडी मारून जातो असं घरात सगळे धरून चालले होते. वडिलांनी चार फुटांची जाळी सहा फूट केली. हा तरी बाहेरच. शेवटी आजीने खिडकीत बसून पाळत ठेवली तेव्हा उलगडा झाला. गडी उडी मारतच नव्हता! कुंपणाचे आडवे पाइप आतल्या अंगाला होते, त्यांवर पाय देत शिडी चढल्यासारखा जायचा. पाइप बाहेरच्या बाजूला गेले, आतून गुळगुळीत पत्रा लागला आणि प्रकरण मिटलं. जाळीचा खर्च वाया गेला हे मात्र आजी शेवटपर्यंत ऐकवत होती.

तुमच्याकडचे पळपुटे कसे जायचे? काय केलंत? येऊ द्या.

मातीचे_पाय
आमची राणी खोदकाम खात्यात. विटा ठेवल्या, विटा बाजूला. दगड ठेवले, दगडाशेजारून बोगदा. मग वेल्डमेश जाळी आणली, कुंपणाच्या तळाला तारेने बांधली आणि तिथून काटकोनात वळवून आतल्या बाजूला दोन फूट जमिनीवर सपाट अंथरली. वर माती, गवत. कुत्रं कुंपणाच्या अगदी बुडाशी उकरतं, तिथे नखाला जाळी लागते. दोन फूट मागे सरकून उकरावं हे राणीला अजून सुचलेलं नाही, कृपया कोणी तिला सांगू नये. जाळीची कापलेली टोकं खाली वळवून दाबा, पंजे फाटतात. कोपऱ्यात वाळूचा खड्डाही दिलाय, त्यात खेळणी पुरून ठेवते. हौस तिथे फिटते.

शेपूटवाली
खोदकाम खातं!! हसून हसून पुरेवाट

खडूस_काका
इतका खटाटोप कशाला. साखळीने बांधायचं, विषय संपला.

रातकिडा
काका, रागावू नका, पण कुंपणाजवळ बांधणं फार धोक्याचं. कुत्रं वरून उडी मारतं, साखळी अपुरी पडते आणि ते पलीकडे गळ्याने लटकतं. आमच्या ओळखीत एक गेलं असं. जास्त लिहवत नाही.

खडूस_काका
अरेरे. वाईट वाटलं वाचून. साखळीचं मागे घेतो.

भटकभवानी
सगळे कुंपण कुंपण करताय, आमचा शेरू शिष्टाचाराने गेटमधूनच जातो. पाहुणा आत, हा बाहेर. नाकाने कडी उचलायलाही शिकला. आता कडीत गिर्यारोहणाचा कॅराबिनर (स्प्रिंगचा हूक) अडकवतो, तो त्याला उघडत नाही (सासूबाईंनाही उघडत नाही, तो वेगळा धागा होईल). आणि गेटच्या आत चार पावलांवर दुसरं छोटं गेट. एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, हा घरातला कायदा. मोडणारी माणसंच असतात.

अर्धाचहा
मीटिंग सुरू आहे, पटकन लिहितो. आमचा हस्की उडी मारून पुढचे पंजे वरच्या काठावर टेकवायचा आणि मग अंग वर ओढायचा. काठावर फिरता पाइप बसवला. ताणलेल्या तारेत बारीक पीव्हीसी पाइप ओवायचा, त्यावर जाड पाइप सैल. पंजा टेकला की गरकन फिरतो, पकड मिळत नाही. एका झेपेत पार होणाऱ्यांना उपयोग नाही. आणि कुंपणालगतच्या कुंड्या, बाक, लाकडं आधी हलवा.

निवांत
ते अदृश्य कुंपण कोणी वापरलंय का? जमिनीत वायर, गळ्यात शॉकचा पट्टा?

रातकिडा
नको. ससा दिसला की कुत्रं झटका सोसून बाहेर जातं. परत यायला बघतं तर हद्दीवर पुन्हा झटका. मग येतच नाही. शिवाय बाहेरचं कुत्रं खुशाल आत येतं, त्याच्या गळ्यात थोडाच तो पट्टा आहे. वेल्समध्ये तर २०१० पासून कुत्र्यामांजरांना शॉकचे पट्टे घालायला बंदीच आहे.

खिडकीतली
आम्ही मांजरवाले. हसून जातोय.

शेपूटवाली
नसबंदीचं कोणीच लिहिलं नाही? आमचा बाळू एरवी साधुपुरुष, पण आसपास कुत्री माजावर आली की भिंत, जाळी काही दिसायचं नाही. ऑपरेशननंतर भटकणं पुष्कळ कमी झालं. लगेच नाही, हार्मोन्स ओसरायला काही आठवडे जातात, तोवर गेट बंदच. जी कुत्री कंटाळ्याने पळतात त्यांना मात्र याने फार फरक पडेलसं वाटत नाही. त्यांना भरपूर फिरवा.

निवांत
अवांतर: शेपूटवाली, गुडघा कसा आहे? जिने चढतेस का?

शेपूटवाली
चढते गं, उतरताना देवाचं नाव. बाळूला फिरवायला लेक जाते. म्हणजे बाळू तिला फिरवतो.

मातीचे_पाय
पळाल्यानंतरचंही लिहू या. कातडीखाली बसवतात त्या ओळखीच्या चिपवरून कुत्रं कुठे आहे ते कळतं असं बरेच जण समजतात. नाही कळत. चिपमध्ये बॅटरी नसते, फक्त १५ अंकी नंबर असतो, रीडर अगदी जवळ धरला तरच दिसतो. नोंदणीत जुना फोन असेल तर तेवढंही वाया. पट्ट्यावर नंबर हवाच.

भटकभवानी
+१. आणि मागे धावू नका, त्याला तो खेळ वाटतो. मी उलट दिशेने पळते, कधी सरळ खाली बसकण मारते. शेजाऱ्यांनी माझी आशा सोडलीये. आल्यावर रागवायचं तर मुळीच नाही, पुढच्या वेळी जवळ येणार नाही.

खडूस_काका
आमचा म्हातारा एरवी गेट सताड उघडं असलं तरी ढिम्म. वीज कडाडली की मात्र सुसाट. घाबरलेलं कुत्रं कुंपणाची उंची बघत नाही. ढग जमले की घरात घ्यायचं, पडदे ओढून, पंखा मोठा करून. बाकी काही लागलं नाही.

निवांत
अर्धाचहा, तो पाइप विटांच्या भिंतीवर बसेल का? माथा गोलसर आहे.

अर्धाचहा
बसेल. भिंतीला लोखंडी अँगल ठोकून त्यात तार ओढा. पाइप आतल्या कडेला आणा, मधोमध नको, नाहीतर पंजा आधी भिंतीवरच टेकतो. फोटो रात्री टाकतो.