अधिकाच्या वाणाचे अनारसे तुपात हसत (पसरून विरघळत) आहेत. पीठ सावरता येईल का?

रानजाई (इंदिरानगर, नाशिक)

नमस्कार. यंदा, म्हणजे २०२६ साली, अधिक ज्येष्ठ १७ मेपासून १५ जूनपर्यंत आहे. आमच्या मुलीच्या लग्नानंतरचा हा पहिलाच अधिक महिना असल्यामुळे लेक आणि जावई ३१ मे रोजी पुण्याहून येणार आहेत. तो रविवार आहे आणि सकाळी पौर्णिमाही आहे, त्यामुळे जावयांना वाण त्याच दिवशी द्यायचे असे घरात ठरले आहे. तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे, वर दिवा आणि सोबत दक्षिणा, अशी आमच्याकडची पद्धत आहे. आजवर हे अनारसे माझ्या सासूबाई करत आल्या. आता त्यांचे हात थरथरतात, त्यामुळे त्या शेजारी बसून सांगतात आणि प्रत्यक्ष काम माझ्याकडे आहे.

पीठ त्यांच्या सांगण्याप्रमाणेच केले. इंद्रायणी तांदूळ तीन दिवस भिजवला, रोज पाणी बदलले, चौथ्या दिवशी उपसून पंख्याखाली फडक्यावर पसरला, मिक्सरमध्ये दळून मैद्याच्या चाळणीने चाळला आणि पिठाच्या वजनाइतकाच किसलेला गूळ त्यात मिसळला. कालवताना पीठ फार कोरडे वाटत होते, म्हणून थोडा दुधाचा हात लावला आणि गोळा करून स्टीलच्या डब्यात दाबून ठेवला. पीठ मुरल्यावर काल नमुन्याचा घाणा काढला. अनारसा तुपात सोडल्यावर क्षणभर नीट फुलला, मग कडेने सुटत गेला आणि पाहता पाहता त्याची विरविरीत जाळी होऊन कढईभर पसरली. खसखस तुपावर तरंगत राहिली आणि झाऱ्यावर नुसता चुरा आला. आच कमी करून पाहिली तेव्हा तर तो आणखी लवकर विरघळला.

वाणाला अजून अवकाश आहे, परंतु एवढे पीठ टाकून देणे जिवावर येते आणि सासूबाईंनाही फार वाईट वाटले आहे. असे का झाले असावे आणि हे पीठ सावरता येईल का, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे. बाहेरून विकतचे अनारसे आणण्याचा पर्याय घरात सुचवला गेला आहे, पण पहिल्या अधिकाचे वाण घरच्या हातचे असावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

तांबट गल्ली

रानजाईताई, पीठ टाकू नका. हसणारे पीठ बहुतेक वेळा सावरता येते; कडक होणारे पीठ सावरणे त्याहून सोपे असते, एवढाच फरक. मी दिवाळीत आणि अधिकात फराळाच्या ऑर्डरी घेते, त्यामुळे ही तक्रार माझ्याकडे नेहमी येते आणि तिचे मूळ जवळजवळ प्रत्येक वेळी ओलावा आणि गूळ या दोहोंच्या हिशेबात सापडते.

तुपात पडल्यावर अनारशातला गूळ आधी पातळ होतो. तांदळाचे पीठ त्याच वेळी शिजून घट्ट झाले, तर ते गुळाला धरून ठेवते आणि मध्ये छिद्रे राहून जाळी पडते. गूळ जास्त असेल किंवा पीठ मुळातच सैल असेल, तर पीठ धरण्याआधी गूळ सुटून जातो आणि त्याच्याबरोबर अनारसाही पसरतो. तुमच्या प्रमाणात पिठाच्या वजनाइतका गूळ आहे. ओलसर पिठाला काही घरांत तेवढा चालतो, परंतु मी एक किलो तांदूळ भिजत घातला तर पाऊण किलोच्या वर गूळ घालत नाही. गूळही साधा घ्यावा. चिक्कीचा गूळ चिकट असतो, तो अनारशाला नको.

दुसरी गोष्ट दुधाची. गूळ मिसळल्याच्या दिवशी अनारशाचे पीठ कोरडे आणि मोकळेच दिसते आणि ते तसेच दिसायला हवे. डब्यात दाबून ठेवल्यावर गुळाला हळूहळू पाणी सुटते आणि तीन-चार दिवसांत तेच पीठ कणकेसारखे मऊ होते. पहिल्या दिवशी दूध घातले की हे सुटणारे पाणी त्यात वरून भर घालते. म्हणून दूध, साय किंवा पिकलेले केळे जे काही लावायचे असेल ते तळणीच्या दिवशी, तेवढ्याच गोळ्याला आणि गरज असेल तरच लावावे.

आता उपाय. सगळ्या पिठाला हात लावू नका. वाटीभर पीठ वेगळे काढा, त्यात चमचाभर कोरडी तांदळाची पिठी मळा, झाकून चार-पाच तास ठेवा आणि एकच अनारसा तळून पाहा. तरीही सुटला तर आणखी अर्धा चमचा. प्रमाण सापडले की मगच उरलेल्या पिठाला तो हिशेब लावा. पिठी एकदम जास्त घातली तर जाळी पडत नाही आणि अनारसा थापटलेल्या भाकरीसारखा घट्ट होतो, त्यामुळे इथे घाई करू नये.

तुपाबद्दलही सांगते, कारण आच कमी केल्यावर अनारसा लवकर विरघळला असे तुम्ही लिहिले आहे आणि ते अगदी स्वाभाविक आहे. थंडसर तुपात पीठ धरायला वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात गूळ निसटतो. अनारसा सोडताना तूप मध्यम तापलेले असावे आणि कडा धरल्यावर आच उतरवावी. कढई पसरट तळाची, तूप बेताचे, एका वेळी एकच अनारसा, खसखशीची बाजू वर. तो उलटायचा नसतो. झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचे आणि बदामी झाला की चाळणीत उभा करून निथळायचा. एखादा हसला तर पुढचा सोडण्याआधी तूप गाळून घ्या, कारण तळाशी राहिलेला जळका गूळ आणि चुरा पुढच्या अनारशाला चिकटतो आणि तोही बिघडतो.

तांदळाविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. आपल्याकडे घोटी-इगतपुरीचा इंद्रायणी सहज मिळतो आणि भाताला तो उत्तमच, परंतु तो चिकट आहे. अनारशाला मी रेशनसारखा जाडा, बिनवासाचा तांदूळ घेते.

सिन्नरकर

वरच्या उत्तराशी मी सहमत आहे, मात्र त्यात महिन्याचा विचार व्हायला हवा असे वाटते. अधिक महिना दर खेपेस वेगळ्या ऋतूत येतो. २०२३ साली अधिक श्रावण होता, त्याच्या आधी २०२० साली अधिक आश्विन आणि २०१८ साली यंदासारखाच मे-जूनमधला अधिक ज्येष्ठ. पावसाळ्यात किंवा दिवाळीच्या सुमारास बसलेले प्रमाण मे महिन्यात जसेच्या तसे लागू पडेल, असे धरून चालणे बरोबर नाही. आमच्या मातोश्रींनी २०१८ च्या अधिकात हे नीट पाहून ठेवले होते आणि तेव्हापासून उन्हाळ्यातल्या पिठाची रीत घरात वेगळी आहे.

नाशिकच्या मे महिन्यात हवा कोरडी असते आणि पारा चाळिशीला टेकतो. श्रावणात जो तांदूळ पंख्याखाली तासभर लागतो, तो आता निम्म्या वेळात सुकतो. रानजाईताईंना पीठ कोरडे वाटले त्याचे हे एक कारण असू शकते आणि त्यातूनच पुढे दुधाची गरज भासली असावी. त्यामुळे घड्याळाकडे न पाहता तांदूळ हातात घेऊन पाहावा. दाणा बोटांना चिकटू नये, परंतु मुठीत गार लागावा. आणि दळलेले पीठ मुठीत आवळल्यावर मुटका व्हावा, बोट लावताच तो मोडावा. एवढी ओल राहिली की कालवताना दुधाची आठवणही होत नाही.

या दिवसांत भिजवणीचे पाणी सकाळ-संध्याकाळ दोनदा बदलावे, एरवी एकदा पुरते. पिठाचा डबा स्वयंपाकघरात ओट्याजवळ न ठेवता घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात ठेवावा, कारण उष्णतेने पीठ लवकर आंबते आणि गुळाला पाणीही जास्त सुटते. मुरल्यानंतर डबा फ्रीजमध्ये ठेवण्यास हरकत नाही; फक्त तळण्याआधी पीठ पुरते नेहमीच्या तापमानाला येऊ द्यावे.

जाता जाता एक सुचवतो. आमच्या सिन्नर-निफाडकडच्या घरांत या महिन्यात जावयाला धोंडे जेवू घालतात. कणकेच्या पारीत पुरण भरून गोळे वाफवायचे आणि वर साजूक तुपाची धार सोडायची. वाणात अनारसे आणि पानात धोंडे असे दोन्ही झाले, तर सासूबाईंनाही समाधान वाटेल. धोंडे आदल्या दिवशी पुरण करून ठेवले की सकाळी चटकन होतात, त्यामुळे तळणीच्या धावपळीत त्यांचा भार पडत नाही.

रानजाई

आपणा दोघांचे मनापासून आभार. सासूबाईंना दोन्ही उत्तरे वाचून दाखवली. त्यांनी लगेच सांगितले की त्यांचे सगळे अधिक पावसाळ्याच्या आसपासचे लक्षात आहेत आणि तांदूळ त्या लाकडी फळीवर, उघड्या माजघरात वाळवत असत. उन्हाळ्याचा मुद्दा त्यांना पूर्ण पटला आहे.

वाटीभर पिठात चमचाभर पिठी मळून संध्याकाळी एक अनारसा तळला. तो पसरला नाही, कडा धरल्या, पण मधला भाग अजून नाजूक आहे आणि झाऱ्यावर घेताना तुटतो. चव मात्र अगदी हवी तशी आहे. आणखी पिठी घालावी की दुसरे काही करावे? तसेच एवढे करूनही तेहतीस पूर्ण झाले नाहीत, तर वाणाचे काय करावे, ही काळजी मनातून जात नाही. विहीणबाई स्वभावाने फार चांगल्या आहेत, त्या काही म्हणणार नाहीत. पण लेकीच्या पहिल्या वाणात उणे राहू नये असे वाटते.

गोदाकाठ

ताई, कडा धरल्या म्हणजे पीठ वळणावर आले आहे. आता आणखी कोरडी पिठी घालण्याऐवजी मी वेगळे सुचवेन. तुमच्याकडे भरपूर दिवस आहेत, तर अर्धा किलो जाडा तांदूळ आजच भिजत घाला. त्याचे पीठ वर सांगितल्याप्रमाणे मुठीच्या ओलीवर दळा, त्यात गूळ नेहमीपेक्षा कमी, साधारण तीनशे ग्रॅम घाला आणि दूध अजिबात लावू नका. हे नवे पीठ दोन दिवस मुरले की जुन्या सैल पिठात थोडे थोडे मिसळत जा. बाजारची पिठी भिजवलेल्या तांदळाची नसते, त्यामुळे ती सैलपणा कमी करते पण जाळीला मदत करत नाही. भिजवून दळलेले पीठ दोन्ही कामे करते. मिसळल्यावर एक रात्र जाऊ द्या आणि मग पुन्हा एकच तळून पाहा.

मध्यभाग तुटतो त्याचे आणखी एक कारण थापण्यात असू शकते. अनारसा मधोमध बोटांनी जास्त दाबला जातो आणि तिथे तो पातळ होतो. प्लॅस्टिकच्या कागदावर खसखस पसरून मधून कडेकडे न थापता, कडेने गोल फिरवत थापा आणि मध्य किंचित जाड राहू द्या. तळल्यावर तो लगेच ओढून काढू नका. झाऱ्यावर तुपाबाहेर क्षणभर धरला की गूळ आवळतो आणि मग चाळणीत उभा करता येतो. गरम अनारसा नेहमीच मऊ असतो, त्याचा कुरकुरीतपणा गार झाल्यावर येतो.

आता वाणाविषयी. अधिक महिन्यात तेहतीस ही संख्या आणि जाळीचा पदार्थ या दोन गोष्टींना महत्त्व दिले जाते. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे साधारण साडेबत्तीस महिन्यांनी हा महिना येतो आणि तेहतीस या संख्येचा संबंध अनेक जण याच्याशीही जोडतात. जाळीदार पदार्थांत अनारशांखेरीज बत्तासे आणि म्हैसूरपाकही परंपरेने चालतात. आमच्या पंचवटीतल्या घरात तेहतीस बत्तासे देण्याचीच रीत आहे आणि ती कोणी कमी प्रतीची मानत नाही. त्यामुळे बत्ताशांचा एक पुडा आधीच आणून ठेवा. अनारसे पुरेसे झाले तर ते बत्तासे घरात संपतील, आणि कमी पडले तर जेवढे उत्तम झाले असतील तेवढे अनारसे मधोमध मांडून तेहतीस बत्ताशांचे वाण पूर्ण करता येईल. दोन्ही पदार्थ मिळून तेहतीस मोजावे असे काही जण सांगतील, परंतु माझ्या मते एका पदार्थाची संख्या पूर्ण ठेवावी, म्हणजे सासूबाईंच्या मनात शंका राहणार नाही.

तांबट गल्ली

गोदाकाठ यांनी सांगितलेला ताज्या पिठाचा उपाय माझ्या पिठीपेक्षा चांगला आहे. हाताशी दिवस असतील तर तोच करावा. एक जोडते. तळणी ३० मे रोजी सकाळी लवकर करा, ऊन चढण्याआधी. तेहतीसऐवजी चाळीसेक अनारसे थापा, कारण काढताना काही मोडतात. पूर्ण गार झाल्यावर डब्यात तळाशी कागद घालून उभे रचा आणि झाकण घट्ट लावा. कोमट असताना झाकले तर वाफेने रात्रीत मऊ पडतात. कालचा जो चुरा निघाला आहे तो निथळून ठेवला असेल, तर त्यात थोडे सुके खोबरे आणि वेलची घालून लाडू वळा. तूप आणि गूळ त्यात आहेच, वेगळे काही लागत नाही, आणि लेकीबरोबर पुण्याला द्यायला ते लाडू फार छान राहतात.