कोळसा खाणीचा ढिगारा: आधी गवत की आधी झाडं?

टेकडीकर_पुणे
पुण्यातला सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा पैसा चंद्रपूर-वणीच्या खाणपट्ट्यात वृक्षारोपणाला द्यावा, असा सूर सध्या ऐकू येतो. माझा विरोध आहे. पहिली तीन वर्षं तिथे फक्त गवत हवं. ओबी, म्हणजे कोळशावरून उपसलेला माती-दगड, याला जमीन म्हणता येत नाही. सेंद्रिय कर्ब नाममात्र, नत्र जवळपास नाही, शिवाय डंपर फिरून माथा दगडासारखा घट्ट. त्यात ४५ सेंटीमीटरचा खड्डा खणला की झाली कुंडी. पावसात तुंबते, एप्रिलमध्ये भाजते, मुळं आतच गोल फिरतात. आपल्या पुण्याच्या टेकड्यांवरचं गिरिपुष्प (ग्लिरिसिडियाचं झाड) बघा. लांबून हिरवंगार, खाली गवताची काडी नाही.

खाणवाला
असहमत. गवत मे महिन्यात पार वाळलेलं असतं आणि एका काडीने पेटतं. शिवाय कोळशाचा अंश असलेला काळा शेल (थराथरांचा मऊ खडक) उघडा राहिला तर आतून तापतो. सुबाभूळ, काशीद, ऑस्ट्रेलियन बाभूळ पटकन सावली धरतात, नत्र देतात, पालापाचोळा पाडतात. देशी झाडं मागाहून आणता येतील.

मुळाशी
काशीद शेंगवर्गीय आहे खरं, पण त्याच्या मुळांवर नत्र धरणाऱ्या गाठी येत नाहीत. नत्राचा हिशोब तिथेच चुकतो. ऑस्ट्रेलियन बाभळीचा पाला चिवट, वर्षानुवर्षं चटईसारखा पडून राहतो आणि त्याखाली बी रुजत नाही. मग 'मागाहून' देशी झाडं कुठून येणार?
तापणाऱ्या शेलला सावलीचा उपयोग नाही. हवा बंद व्हायला त्यावर मातीचा थर दाबून बसवावा लागतो.

समतलचर
गवत की झाड, हे भांडण दुसऱ्या पायरीचं. ओतलेला ढीग साधारण ३७ अंशांवर स्थिरावतो. पर्यावरण मंजुरीत अंतिम उतार २८ अंशांच्या आत मागतात. ३० मीटर उंचीला त्यासाठी आडवी सुमारे १७ मीटर जागा जास्त लागते. ती सुरुवातीला सोडली नाही तर नंतर मिळत नाही. मग डोझरच्या रिपरने (मागच्या लोखंडी दाताने) समतल रेषेवर ६० सेंटीमीटर तरी फोडायचं, पायथ्याला दगडी भिंत आणि भोवती चर.
आता वरची माती. ३० सेंटीमीटरचा थर म्हणजे हेक्टरी ३,००० घनमीटर, १० घनमीटरच्या टिप्परने ३०० खेपा. ही माती उंच ढिगात वर्षानुवर्षं पडली की आतलं बी आणि उपयोगी बुरशी मरते, उरतो नुसता भराव. वर्धा खोऱ्यातली काळी माती गुळगुळीत उतारावर पसरली तर पहिल्याच मोठ्या पावसात थरासकट घसरते; खालचा पृष्ठभाग आधी ओबडधोबड करायलाच हवा.

खाणवाला
हे मान्य. पण कागदावर हेक्टरी २,५०० रोपं लिहिलेली असतात आणि तपासणीला येणारा रोपंच मोजतो. गवत कसं मोजणार?

टेकडीकर_पुणे
एक मीटरची चौकट टाकून आच्छादनाची टक्केवारी काढायची, अवघड काय त्यात? आणि ८ जानेवारी २०२० च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम संपलेल्या जमिनीवर पुन्हा गवत उगवून देण्याची अट घालायला सांगितलं आहे. तिथे हेतूच चारा आणि वन्यजीव हा आहे.

रानवाट
वन्यजीव म्हणताना जरा थांबा. चंद्रपूरजवळ दुर्गापूर-ऊर्जानगर भागात वाघ-बिबटे वस्तीच्या कडेला फिरतात. दाट झुडपात त्यांना दडायला जागा मिळते. सगळ्या ढिगाऱ्यांवर एकसारखं रान नको. वस्तीकडच्या उतारावर आखूड गवत, तुरळक झाडं. बांबू आणि दाट झाडी जंगलाकडच्या बाजूला. रानडुकरांनी शेत उकरलं तर गावकरी हे रान टिकू देणार नाहीत.

मुळाशी
बियाण्याचं बोलू. मारवेल आणि पवन्या या गवतांचं बी ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोळा करायचं, मृगाआधी ओलसर मातीत घोळून फेकायचं, नाहीतर वाऱ्यावर जातं. स्टायलो, म्हणजे शेंगवर्गीय चारा, हेक्टरी ६ किलो. बी कठीण, म्हणून ८० अंशांच्या पाण्यात चार-पाच मिनिटं. स्टायलो परदेशी आहे हे माहीत आहे, तरी पहिल्या दोन वर्षांसाठी चालेल.

टेकडीकर_पुणे
स्टायलोवर नाक मुरडतो, पण चालेल. दुसऱ्या पावसात गवतात खैर, पळस, बोर यांचं बी टोकायलाही हरकत नाही. माझी तीन वर्षांची अट तेवढी सैल करतो. चराई मात्र दोन पावसाळे बंद, आणि कापून नेण्याचा हक्क शेजारच्या गावाला. वाळलेलं गवत डिसेंबरपर्यंत उचललं गेलं तर वणव्याला उरतंच काय?

खाणवाला
कापायला ३० अंशांच्या उतारावर कोण चढणार?

समतलचर
म्हणूनच २८. आणि दर टप्प्याला चार मीटरची पायवाट.