मदत हवी आहे: सुट्टीत कोरड्या पडलेल्या सोलरच्या बॅटऱ्या वाचतील का?

नमस्कार मंडळी,

धडगाव तालुक्यातल्या (जि. नंदुरबार) एका वसतिगृहासाठी विचारतोय. पाड्यावर वीज नाही, रात्रीचे दिवे आणि मुलांचा अभ्यास सगळा सोलरवर. २४ व्होल्टची सिस्टीम आहे. १२ व्होल्ट, १५० एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे साठवणक्षमता) चार उंच ट्युब्युलर बॅटऱ्या, दोन-दोन सिरीजमध्ये आणि त्या दोन जोड्या पॅरलल.

उन्हाळी सुट्टीत पॅनेलकडचा फ्यूज उडाला, इन्व्हर्टर मात्र चालूच राहिला. बॅटऱ्या पार उतरल्या आणि तशाच पडून राहिल्या. झाकणं उघडली तर काही सेलमध्ये प्लेटा उघड्या पडलेल्या आणि वरच्या कडेला पांढरट थर. आम्ही प्लेटा बुडतील एवढंच डिस्टिल्ड वॉटर घातलं, फ्यूज बदलला आणि काही दिवस उन्हावर चार्ज होऊ दिलं. मग केबल काढून रात्रभर ठेवल्यावर मल्टीमीटरने १२.३, १२.२, १२.३ आणि चौथीला १०.२ व्होल्ट आले. हायड्रोमीटरला (ॲसिडची घनता मोजायची नळी) पहिल्या तिघींचे सेल १.१९० ते १.२१०च्या मधले. स्टिकरवर पूर्ण चार्जला, २७ अंशाला १.२४० लिहिलंय. चौथीत पाच सेल १.१८०च्या आसपास, पण एक फक्त १.०६०. तिच्या जोडीच्या बॅटरीचं पाणी सगळ्यात जास्त आटलं होतं.

दिवसा कंट्रोलर (पॅनेलवरून बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा) 'फुल' दाखवतो, पण दिवे लावले की तासाभरात इन्व्हर्टर ओरडायला लागतो. दुकानदार म्हणतो, जुनं ॲसिड ओतून नवीन भरा, नाहीतर चारही भंगारात द्या. चार नवीन घ्यायला आत्ता पैसे नाहीत. ॲसिड बदलून खरंच फायदा होतो का? आणि एकच बॅटरी नवीन घेतली तर चालेल का?

प्रतिसाद:

दादा, ॲसिड अजिबात बदलू नका. तुमचं ॲसिड कुठे गेलेलं नाही. त्यातलं सल्फेट प्लेटांवर कडक होऊन बसलंय, म्हणूनच हायड्रोमीटर कमी दाखवतो. वरून नवीन ॲसिड घातलंत की आकडा चांगला दिसेल, पण चार्जिंगमध्ये प्लेटांवरचं सल्फेट सुटून परत त्यात आलं की ॲसिड प्रमाणाबाहेर तेज होऊन प्लेटा खाईल.

चौथी गेली. १०.२ म्हणजे सहापैकी एक सेल शॉर्ट, त्याचे दोनेक व्होल्ट गायब. तिच्या वाट्याचं व्होल्टेज जोडीदारणीवर पडत होतं, म्हणून तिचं पाणी उकळून आटलं. शिवाय पॅरललमध्ये असल्यामुळे रात्री चांगली जोडी या आजारी जोडीलाच चार्ज करत बसते. तुमचे दिवे लवकर जातात त्याचं हे मोठं कारण. चौथी आजच बाजूला काढा. तिच्या जागी एकच नवीन बसवू नका, तीही जुन्यांच्या बरोबरीने खराब होईल.

चांगल्या तिघींपैकी दोघींची एक जोडी करा आणि इक्वलायझेशन चार्ज द्या, म्हणजे मुद्दाम जास्त व्होल्टेजवर चार्ज करून सगळे सेल बरोबरीला आणायचे. इन्व्हर्टर आणि सगळा लोड सोडवायचा. जोडीला ३१ व्होल्टच्या आसपास, करंट ५ ते ७ अँपिअर. दर तासाला प्रत्येक सेलचं ॲसिड मोजून वहीत लिहा. लागोपाठ तीन वेळा आकडा हलला नाही की थांबा. बॅटरी ५० अंशांच्या वर तापली तर लगेच बंद, गार होऊ द्या. हायड्रोजन निघतो, म्हणून खोली उघडी ठेवा, जवळपास बिडी-काडी नको. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे, शेजारी खायचा सोडा आणि भरपूर पाणी. पाण्याची लेव्हल शेवटी, चार्ज झाल्यावर पूर्ण करा. आधी भरलंत तर ॲसिड फुगून बाहेर येतं.

मग १५ अँपिअरचा लोड लावून २१ व्होल्टपर्यंत उतरवा. नवी जोडी साधारण दहा तास देते. तुमची सहा तास टिकली तरी दिव्यांपुरतं काम भागेल. आणि कंट्रोलर 'सील्ड'वर (पाणी न घालायच्या बॅटरीच्या सेटिंगवर) असेल तर 'ट्युब्युलर'वर आणा.

मूळ धागाकर्ता:

मनापासून आभार. कंट्रोलर खरंच 'सील्ड'वर निघाला, बदललाय. चौथी काढून ठेवली. अडचण एकच, त्याची इक्वलायझेशन सेटिंग २९.६च्या वर जात नाही आणि पाऊस तोंडावर आलाय, उन्हाचा भरवसा नाही. वसतिगृहात पेट्रोलचा छोटा जनरेटर आहे. त्यावर चालणारा, व्होल्टेज हाताने ठरवता येणारा चार्जर शहादा-धुळे भागात भाड्याने कुठे मिळेल का? शाळा जूनच्या मध्याला उघडते.